तिकीट माफ आहे, पण एसटीच्या पायरीपर्यंत कोण नेणार?

समजा, वाई तालुक्यातल्या एखाद्या वाडीत ७८ वर्षांच्या आजी आहेत. गुडघे गेलेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये व्हायचंय. एसटीचा प्रवास त्यांना पूर्ण मोफत आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत ७५ वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही राज्यात एसटीचं तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा दाखवला की झालं. मग आजींचं ऑपरेशन चार महिने का रखडलंय?

कारण वाडीपासून फाटा दीड किलोमीटरवर आहे. तिथवर मुलगा मोटरसायकलवरून सोडणार, म्हणजे त्याची त्या दिवसाची मजुरी गेली. फाट्यावर शेड नाही, बसायला कट्टा नाही. गाडी आली तर तिची पहिली पायरी आजींच्या गुडघ्याच्या वर. वाईला उतरून दुसरी गाडी धरायची. साताऱ्याला स्टँडवरून सिव्हिलपर्यंत रिक्षा. तिथे केसपेपरची रांग, मग तपासणी. डॉक्टर म्हणाले 'दुपारी या', तर परतीची गाडी हुकली. या सगळ्या प्रवासात सरकारने फुकट केलेले तुकडे दोनच आहेत आणि पैशाच्या हिशेबात तेच सगळ्यात स्वस्त आहेत. मुलाची बुडालेली मजुरी आणि रिक्षाचं भाडं यांपुढे एसटीचं तिकीट किरकोळ.

आपल्याकडे सवलती कमी आहेत असं कुणी म्हणू नये. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना एसटीत निम्मं तिकीट आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सरसकट निम्मं आहे. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मी. डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे. मुंबईच्या मेट्रो २अ आणि ७ वर ६५ वर्षांपुढच्यांना आणि दिव्यांगांना मे २०२३ पासून २५ टक्के सूट आहे. पण यातली प्रत्येक सवलत कुठल्या ना कुठल्या गाडीला चिकटलेली आहे. माणूस घरातून निघून पोचायचं तिथे पोचतो आणि परत घरी येतो, तो सबंध प्रवास कुणाच्याच खात्यात नाही. एसटीची सवलत बेस्टला चालत नाही, पीएमपीला चालत नाही. फाटा ते स्टँड एका खात्याचं, स्टँड ते रुग्णालय कुणाचंच नाही.

ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या 'वाहतूक समन्वया'बद्दल सरकारी कागदांत जे लिहिलेलं असतं, त्याचा साधा अर्थ एवढाच: या तुकड्यांमधले सांधे कुणीतरी आपले म्हणून घ्यायचे.

ते कुणी घेत का नाही, हे समजायला कोण कशाचा मालक आहे ते पाहावं लागतं. एसटी राज्य सरकारचं महामंडळ. पुण्यातली पीएमपी दोन महानगरपालिकांची कंपनी. बेस्ट मुंबई महापालिकेचा उपक्रम. रेल्वे केंद्राची. रिक्षाचा परवाना आरटीओकडे. फूटपाथ पालिकेचा, पण त्यावरचा खांब वीज कंपनीचा असू शकतो. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांना समग्र शिक्षा अभियानातून प्रवासभत्ता आणि सोबत्याचा भत्ता मिळतो, ते शिक्षण खातं. १०८ची गाडी आरोग्य खात्याची, पण ती अपघात नि तातडीच्या आजारासाठी. १०२ची गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा साठीचा माणूस तातडीचा नाही, गरोदर नाही, विद्यार्थीही नाही. त्याच्या नावाची गाडीच नाही.

दिव्यांगांसाठी डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या विभागाकडे बस नाही आणि ज्याच्याकडे बस आहे त्याच्याकडे दिव्यांगांची यादी नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. त्याचं ४१वं कलम वाहतुकीवर आहे. बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांवर पार्किंग, स्वच्छतागृहं, तिकीट खिडक्या वापरता येतील अशा असाव्यात. सगळ्या प्रकारच्या वाहनांत शिरता यावं. शक्य असेल तिथे जुन्या गाड्यांतही बदल करावेत. रस्ते वापरण्याजोगे असावेत. त्याच कलमात, दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात फिरता यावं यासाठी योजना आखा, असंही सरकारला सांगितलंय. केंद्राने डिसेंबर २०१९मध्ये मोटार वाहन नियम बदलून बसमध्ये राखीव आसनं, कुबड्या-काठ्या अडकवायची सोय, व्हीलचेअर आत घेऊन बांधून ठेवायची जागा हे सगळं घातलं. १ मार्च २०२० पासून ते लागू झालं. 'सुगम्य भारत' मोहीम २०१५ची. सरकारी बसगाड्यांपैकी निदान चौथा हिस्सा पूर्ण सुगम्य करायचं तिचं लक्ष्य होतं, आणि त्याची मुदत पुढे ढकलावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात याच दुखण्यावर बोट ठेवलं. सुगम्यतेची मानकं 'मार्गदर्शक' म्हणून लिहायची आणि ती पाळणं ऐच्छिक ठेवायचं, हे कायद्याला धरून नाही, असं न्यायालय म्हणालं आणि सक्तीचे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण तोही मुख्यतः गाडी, इमारत आणि रस्ता यांच्याबद्दल आहे. एक गाडी दुसऱ्या गाडीला कशी भेटेल, हे निकालपत्रातून ठरत नाही.

गाडीबद्दल बोलतोच आहोत तर पायरीचं गणित सांगून टाकतो. शहरी बसच्या सरकारी मानकांत जमिनीपासून बसच्या तळाची उंची साधारण तीन प्रकारची असते: ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर. चारशेवाल्या बसला थांब्याच्या कट्ट्यावरून जवळपास सरळ पाऊल टाकता येतं, आणि रॅम्प उघडला तर व्हीलचेअर चढते. नऊशेवाल्याला आत दोन-तीन पायऱ्या येतातच. खेड्यातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चारशेची बस टिकणार नाही, हा एसटीवाल्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण बस उंचच राहणार असेल तर थांबा उंच करता येतो, किंवा कंडक्टरजवळ एक सुटी लाकडी पायरी ठेवता येते. दुसरी गोष्ट इतकी स्वस्त आहे की ती अजून सगळीकडे का नाही याचं मला नवल वाटतं. आणि शहरात लो-फ्लोअर बस घेतली, पण ड्रायव्हरने ती कट्ट्यापासून चार हात लांब, मधल्या लेनमध्ये उभी केली, तर तिचा तळ कितीही खाली असला तरी उपयोग नाही. बस पालिकेच्या पैशांतून, थांब्यासमोर उभ्या मोटारी वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत. पुन्हा सांधा.

समन्वयाचं काम जिथे खरोखर सुरू झालंय तिथे ते साधारण माहितीपासून सुरू होतं. एकच फोन नंबर. फोन उचलणाऱ्या माणसाला तालुक्यातल्या सगळ्या गाड्या, त्यांच्या वेळा आणि सगळ्या सवलती माहीत. आजींच्या मुलाने फोन केला की 'गुरुवारी या, त्या दिवशी डोळ्यांची ओपीडी असते आणि साडेदहाची गाडी थेट साताऱ्याला जाते' एवढं सांगता आलं तरी एक हेलपाटा वाचतो. दिव्यांग प्रमाणपत्राचंच बघा. ते द्यायला जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारीच बोर्ड बसतं. ज्या कार्डावर प्रवासाची सवलत मिळणार ते कार्ड काढायला माणसाला पूर्ण तिकीट काढून, दोन-तीनदा, सवलतीशिवाय जावं लागतं. बोर्डाच्या दिवशी आगाराने एक फेरी रुग्णालयाच्या दारापर्यंत वाढवली तर? नवी गाडी लागत नाही, नवा ड्रायव्हर लागत नाही. आगार व्यवस्थापक आणि वैद्यकीय अधीक्षक यांनी एकदा एकत्र बसून चहा घ्यावा लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे गाड्या वाटून घेणं, आणि इथे खरी गुंतागुंत सुरू होते. मतिमंद किंवा कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळेची व्हॅन सकाळी आणि संध्याकाळी पळते, मधे चार-पाच तास उभी असते. एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयाची गाडी, वृद्धाश्रमाची गाडी, कारखान्याची गाडी, सगळ्यांचं तेच. तालुक्यात उभ्या असलेल्या जागा भरपूर आणि न जाऊ शकणारी माणसं भरपूर. मग त्या व्हॅनने अकरा वाजता डायलिसिसच्या माणसांना का नेऊ नये?

पहिली अडचण परवान्याची. आपल्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाडी मुख्यतः दोन प्रकारची: थांब्याथांब्यावर माणसं घेऊन प्रत्येकाचं वेगळं भाडं घेणारी, किंवा आख्खी गाडी एका पार्टीने ठरवलेली. शाळेच्या गाडीचा परवाना त्याहून वेगळा. फोन आला की चार वेगवेगळ्या घरांतून चार माणसं उचलणारी गाडी यातल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. वडाप आणि काळी-पिवळीवाले वर्षानुवर्षं नेमकं हेच करत आलेत, निम्मं परवान्यात आणि निम्मं परवान्याबाहेर. खेड्यातली म्हातारी माणसं त्यांच्याच जिवावर तालुक्याला पोचतात. परवान्याबाहेर चाललेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. संस्थेचे विश्वस्त आपली व्हॅन द्यायला कचरतात ते कंजूषपणाने नव्हे, या भीतीने. म्हणून सुरुवात आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी घेण्याने करावी लागते, भाषणं नंतर.

दुसरी अडचण पैशाच्या हिशेबाची. एका फेरीत शिक्षण खात्याचा एक मुलगा, आरोग्य खात्याचे दोन रुग्ण आणि स्वतःचे पैसे देणाऱ्या एक आजी बसल्या, तर डिझेल कुणाच्या लेखाशीर्षातून? आपल्याकडे अधिकाऱ्याला ऑडिटची धास्ती एवढी असते की रिकामी गाडी पळवणं परवडतं, दुसऱ्या खात्याचा माणूस बसवणं परवडत नाही. यावर उपाय फार हुशारीचा नाही. आधी फेरीचा किलोमीटरमागे खरा खर्च काढायचा, त्यात ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर सगळं धरायचं, आणि रिकामी परत येणारी फेरीही धरायची. मग कोणता प्रवासी किती किलोमीटर बसला त्यावरून वाटणी. उदाहरणादाखल धरा, चाळीस किलोमीटरच्या फेरीचा खर्च आठशे रुपये आला. एकट्या रुग्णासाठी गाडी गेली तर त्याच्यामागे आठशे. चौघं जवळजवळच्या वाड्यांतले असले तर माणशी दोनशे. हे लेखी ठरलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, की ऑडिटवाल्याला दाखवायला कागद तयार.

तिसरी अडचण कागदावर दिसत नाही, ती गाडीत बसल्यावर कळते. चौघांना एका गाडीत घेतलं की प्रत्येकाचा वेळ वाढतो. डायलिसिस साधारण चार तास चालतं. मशीनवरून उठलेला माणूस गळून गेलेला असतो, कधी रक्तदाब उतरलेला असतो. त्याला आणखी दोन घरं फिरवून तासाने घरी सोडणं म्हणजे छळ. शिवाय मशीन कधी सुटेल हे मिनिटावर सांगता येत नाही. म्हणून जातानाची फेरी एकत्र आणि येतानाची वेगळी, किंवा येताना त्याला पहिल्यांदा उतरवायचं, असे नियम करावे लागतात. बाजाराला निघालेल्या आजोबांना अर्धा तास इकडेतिकडे चालतो. स्वमग्न मुलाला मात्र रोजचा रस्ता आणि रोजची जागा बदललेली चालत नाही. कॉम्प्युटरवर सगळ्यात कमी किलोमीटरचा रस्ता निघतो, पण कुणाला किती थांबवता येतं हे माणसानेच ठरवायचं असतं.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आईवडलांना तिथल्या उपनगरात पहिल्या आठवड्यातच कळतं की गाडी चालवता येत नसेल तर दुकानापर्यंतही जाता येत नाही. हीच अडचण तिथल्या म्हाताऱ्यांचीही असते. १९९०च्या तिथल्या दिव्यांग कायद्याने सार्वजनिक बस चालवणाऱ्या संस्थांवर एक बंधन घातलं: जो माणूस दिव्यांगत्वामुळे नेहमीची बस वापरू शकत नाही, त्याच्यासाठी बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत, मागणीनुसार गाडी द्यायची. बस चालते त्याच दिवशी, त्याच वेळांत. भाडं बसच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. 'कशाला जायचंय' हे विचारून कुणाला मागे ठेवायचं नाही. सिनेमाला जाणारा आणि डॉक्टरकडे जाणारा सारखाच. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने दवाखाना आणि देऊळ सोडून आणखी कुठे जायचं असतं, हे सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पण तिथेही खाती अनेक होती, आणि प्रत्येक खातं आपापल्या माणसांसाठी वेगळी व्हॅन पाठवत होतं. एकाच गल्लीत सकाळी तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या यायच्या. २००४मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय खात्यांना एकत्र बसवलं गेलं आणि २००५च्या वाहतूक कायद्याने एक अट घातली: ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या वाहतुकीसाठी केंद्राचा ठरावीक निधी हवा असेल, तर आधी स्थानिक पातळीवर समन्वय आराखडा करा, आणि तो करताना लोकांचा सहभाग असलाच पाहिजे. पुढे २०१२च्या कायद्याने त्यात ज्येष्ठ आणि दिव्यांग माणसं असायलाच हवीत, असं स्पष्ट केलं. पैसा आणि आराखडा एकमेकांना बांधल्यामुळे खाती बोलायला लागली. 'मोबिलिटी मॅनेजर' नावाचं पदही तयार झालं. त्याच्याकडे गाड्या नसतात. कुणाला कुठली गाडी, कुणाच्या खर्चाने, हे जुळवणं एवढंच त्याचं काम. सगळं गोड नाही. दारापर्यंत येणारी ही गाडी फार महाग पडते, आदल्या दिवशी नोंदवावी लागते, उशिरा येते, तक्रारी कायम असतात. तिथल्या गाड्यांची संख्या आपल्याला झेपणारी नाही. निधीला आराखड्याची अट घालणं मात्र झेपेल.

आपल्याकडे असा समन्वय जमतच नाही असंही नाही. मतदानाच्या दिवशी बघा. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर दिव्यांग मतदार व्हीलचेअर किंवा ने-आण मागू शकतो. यादी केंद्रनिहाय तयार होते, स्वयंसेवक नेमले जातात, केंद्राच्या दारात रॅम्प लागतो. ८५ वर्षांपुढच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना २०२४च्या निवडणुकांत घरबसल्या मत देता आलं. म्हणजे कुठल्या गल्लीत कोण चालू शकत नाही, याची यादी प्रशासन करू शकतं आणि त्यानुसार गाडी लावू शकतं. फरक एवढाच की त्या दिवशी जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याच्या नावावर असते आणि सगळी खाती त्याच्या हाताखाली असतात.

शहरांत सांधे जुळवायची यंत्रणा कागदावर आहे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांना एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि २०१७च्या मेट्रो धोरणाने त्याचा आग्रह धरला. तिथे चर्चा बहुतेक मेट्रो आणि तिच्या स्टेशनापर्यंत माणसं आणणाऱ्या फीडर बसची होते. मेट्रो स्टेशनात लिफ्ट असते, स्पर्शाने कळणाऱ्या पिवळ्या फरश्या असतात. स्टेशनाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की फरशी संपते आणि पार्क केलेल्या दुचाक्या सुरू होतात. मुंबईच्या लोकल फलाटांवर दिव्यांगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून बीप वाजवणारी यंत्रं बसवलीत, ही खरोखर विचार करून केलेली सोय. आवाजाच्या दिशेने चालत गेलं की डबा समोर. त्या फलाटावर पोचायला मात्र पूल चढावा लागतो, आणि लिफ्ट चालू असेलच असं नाही. लिफ्ट बंद असल्याची खबर निघण्याआधी मोबाइलवर मिळाली तरी माणूस दुसऱ्या स्टेशनवर जाईल.

माणसांना शिकवण्याचाही एक भाग आहे, आणि त्यावर जवळजवळ खर्च येत नाही. अंध माणसाचा हात धरून ओढायचा नसतो, आपलं कोपर पुढे करायचं असतं, तो धरून मागे चालतो. व्हीलचेअर विचारल्याशिवाय ढकलायची नसते. म्हातारं माणूस बसेपर्यंत क्लच सोडायचा नसतो. कर्णबधिर प्रवाशाला ओरडून सांगण्यापेक्षा थांब्याचं नाव दाखवावं. ड्रायव्हर-कंडक्टरच्या प्रशिक्षणात यासाठी एक सकाळ पुरते, आणि ती शिकवायला त्याच गावातला एखादा दिव्यांग प्रवासी बोलवावा.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती वर्षाच्या शेवटी घाईघाईने वाटली जाते. एका ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणजे फारच थोडे पैसे, त्यात गाडी येत नाही. पण एकाच रस्त्यावरच्या दहा ग्रामपंचायतींनी ठराव करून ते एकत्र केले, तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस एखादा रिक्षावाला किंवा जीपवाला महिन्याच्या बोलीवर बांधता येईल: मंगळवारी ग्रामीण रुग्णालय, बाजाराच्या दिवशी बाजार. नियमाप्रमाणे हा निधी वाहतुकीवर कसा टाकायचा, ते गटविकास अधिकाऱ्याकडून आधी लेखी विचारून घ्यावं. दिव्यांगांबरोबर त्याच गाडीत ज्येष्ठ बसणार असतील तर त्यांच्या जागेचे पैसे वेगळे धरावेत, नाहीतर पुढच्या वर्षी आक्षेप येतो.

आणि ठरावाआधी आशाताई किंवा अंगणवाडीसेविकेला सोबत घेऊन वाडीवार यादी करावी: कोण, कुठे जायचं असतं, कुठल्या वारी, पायऱ्या चढता येतात का, सोबतीला कुणी आहे का. या यादीत प्रमाणपत्र नसलेलेही घ्यावेत, कारण मांडीचं हाड मोडून सहा महिने घरात पडलेल्या आजोबांकडे कसलंच कार्ड नसतं. वारांचा रकाना भरला की बहुतेक वेळा दिसतं की माणसं वेगवेगळ्या दिवशी जातात ती केवळ ओपीडी वेगवेगळ्या दिवशी असतात म्हणून. त्यातल्या दोन ओपीडी एका दिवशी आणणं रुग्णालयाच्या हातात असतं.